तोतयाचा वंशविस्तार : पानिपतापासून खराडीपर्यंत

‘तोतया’ हा शब्द उच्चारला की मराठी इतिहासाच्या वाचकाला प्रथम एकच माणूस आठवतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूविषयी पुण्यात अनेकांच्या मनात शंका राहिली आणि त्या शंकेतून काही वर्षांतच उत्तरेत एक ‘भाऊसाहेब’ प्रकट झाला. तो कनोजी ब्राह्मण होता. कागदोपत्री त्याचे नाव सुखलाल किंवा सुखनिधान असे येते. थोरल्या माधवरावांच्या काळात तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, भाऊंना ओळखणाऱ्यांनी त्याला पाहिले आणि तो तोतया ठरला. एवढ्यावर प्रकरण संपावयास हवे होते. परंतु १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैदेतल्या त्याच माणसाला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली गोळा झाली आणि पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. अखेर तो पुन्हा पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग अपरिचित नाही.

या जुन्या प्रकरणाकडे पुन्हा वळण्याचे कारण आजच्या वर्तमानपत्रांत आहे. बँकेचा अधिकारी, पोलीस, सीमाशुल्क खात्याचा निरीक्षक अशी नावे घेऊन दूरध्वनीवर बोलणारा माणूस हा कायद्याच्या भाषेतही तोतयाच असतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात दुसऱ्याच्या नावाने केलेल्या ठकवणुकीसाठी ‘तोतयेगिरी’ हाच शब्द योजलेला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले ६६-ड हे कलम संगणकाच्या साहाय्याने केलेल्या याच गुन्ह्यासाठी आहे. म्हणजे पेशवाईतला हा शब्द आंतरजालाच्या काळातही कामातून गेलेला नाही. मग तोतयाला ओळखण्याच्या जुन्या रीतींपैकी काही आजही उपयोगी पडतात का, हे तपासणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम एक प्रश्न. एकदा तोतया ठरलेल्या माणसावर १७७६ मध्ये लोकांनी पुन्हा विश्वास का ठेवला? ‘लोक अडाणी होते’ हे उत्तर अपुरे आहे. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत कारभार जाणणारी माणसे होती. पानिपताचा घाव पंधरा वर्षांनीही भरला नव्हता आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मानला नव्हता. ज्यांना भाऊ परत यावयास हवे होते, त्यांच्या ठायी तोतयाचे अर्धे काम आधीच झालेले होते. ज्यांना पुण्याच्या कारभाऱ्यांचा राग होता, त्यांना तो सोयीचा होता. तोतया कुशल असावा लागतो, पण त्याहून अधिक तो ऐकणाऱ्याच्या मनातल्या आशेत किंवा भीतीत बसावा लागतो. आजही बक्षिसाचा संदेश आशेवर चालतो आणि ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ हा फोन भीतीवर चालतो. फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. उलट त्या शिक्क्याच्या लाजेने माणसे गप्प बसतात आणि तक्रारीचा वेळ हातचा जातो.

आता त्याच शतकातली दुसरी बाजू पाहू. ज्या समाजात तोतया सैन्य उभे करू शकत होता, त्याच समाजात सावकार एका कागदाच्या कपट्यावर दूरच्या शहरात हजारो रुपये पोहोचवीत होते. तो कागद म्हणजे हुंडी. हुंडीच्या रचनेत अविश्वासाची मोठी शिस्त होती. रक्कम अंकी आणि अक्षरी तर असेच, शिवाय त्या रकमेची निम्मी सांगून ‘तिची दुप्पट’ असेही लिहीत, म्हणजे एखादे शून्य वाढवून भागत नसे. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’, आणि एकीवर पैसे दिले की बाकीच्या रद्द होत. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत. ते बाजारात पत असलेल्या ओळखीच्या ‘शहा’च्या मार्फतच मिळत. सर्वांत महत्त्वाचे हे, की हुंडी लिहिणारा सावकार पैसे देणाऱ्या पेढीला स्वतंत्र पत्राने कळवीत असे, आणि पेढी हातातला कागद त्या पत्राशी ताडून पाही. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी आल्याखेरीज ती खरी धरावयाची नाही, हे त्या व्यवहाराचे सूत्र होते. दप्तरातली रीतही अशीच होती. पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब’ उठवीत, म्हणजे मजकूर संपल्यावर मागाहून ओळ घुसडता येत नसे. आपण रोज वापरतो तो ‘परवलीचा शब्द’ही पहाऱ्यावरचाच. पहारेकऱ्याने अनोळखी माणसाला विचारावयाचा तो शब्द. अनोळखी माणसाने पहारेकऱ्याला ‘तुझा परवलीचा शब्द सांग’ म्हणावे, हा उलटा न्याय मात्र आमच्या काळात रूढ झाला.

पुण्यात या उलट्या न्यायाचा पहिला गाजलेला खटला २००५ सालचा. एम्फसिस कंपनीच्या ‘एमसोर्स’ या पुण्यातील कॉल सेंटरमधून न्यूयॉर्कच्या सिटीबँकेच्या ग्राहकांना सेवा दिली जात असे. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी मदतीच्या सुरात बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत वळविले. ग्राहकांनी तक्रार केली, बँकेने पैशांचा माग काढला आणि एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी आरोपींना पकडले. अशा ठिकाणी आत-बाहेर जाताना कर्मचाऱ्यांची झडती होत असे. कागदावर क्रमांक टिपून नेणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ते पाठ करून बाहेर नेले असावेत, असा निष्कर्ष त्या वेळी काढला गेला. यात संगणकाचे कोणतेही कुलूप फोडले गेले नाही. ग्राहकाने स्वतःच, विश्वासाने, किल्ली हाती दिली. आपली पाठांतराची विद्या अशा कामी यावी, हे वाचताना भाषेच्या शिक्षकाला अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे प्रकरण १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत जगातल्या २८ देशांमधून सुमारे बारा हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशात अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला पाठविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एटीएममधून पैसे मागितले की ती विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि तिथून होकार येतो. चोरांनी मधल्या वाटेवर आपला बनावट ‘स्विच’ उभा केला, आणि बनावट कार्डांना होकार तोच देत राहिला. म्हणजे येथे तोतया माणूस नव्हता, यंत्र होते. सावकाराच्या स्वतंत्र पत्राची वाटच शत्रूने ताब्यात घेतली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. ते होते देशांतर्गत पैसे काढण्याच्या साखळीतले. कोल्हापूरसारख्या शहरांत यंत्रासमोर उभे राहून नोटा काढणारे हात सापडले. ज्यांनी बेत रचला ते समुद्रापलीकडेच राहिले.

आणि तिसरे प्रकरण खराडीचे. मुळा-मुठेच्या काठचे, नगर रस्त्यालगतचे हे हवेली तालुक्यातले गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्यानंतरच्या काळात शेतांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अमेरिकेत दिवस उजाडतो तेव्हा इथे संध्याकाळ सरत असते, आणि त्या घड्याळावर हजारो तरुण-तरुणींची प्रामाणिक रोजीरोटी चालते. याच वस्तीत मे २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी एका बनावट कॉल सेंटरवर छापा घातला. तिथे शंभराहून अधिक कर्मचारी आढळले. अमेरिकी नागरिकांना फोन करून ‘तुमच्या अ‍ॅमेझॉन खात्याचा वापर अमली पदार्थांच्या व्यापारासाठी झाला आहे’ असे सांगावयाचे, ‘डिजिटल अटके’ची भीती घालावयाची आणि सुटकेसाठी गिफ्ट व्हाउचरच्या रूपाने पैसे उकळावयाचे, अशी तिथली कार्यपद्धती असल्याचे पोलिसांनी सांगितले. बाहेरून पाहता ही कचेरी शेजारच्या कचेऱ्यांहून वेगळी दिसण्याचे कारण नव्हते. तेच संगणक, तेच कानाला लावलेले हेडफोन, तोच लिहून दिलेला संवाद. तोतयेगिरीला आता बंडखोर सुभेदार लागत नाही. तिची रीतसर पगारी कचेरी होऊ शकते.

या तिन्ही प्रकरणांतून काय घ्यावे? आमचे म्हणणे असे, की साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाकडे या रोगावरचे औषध पूर्वीपासून आहे. ते तो घरी वापरीत नाही इतकेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्या परंपरेचा पहिला धडा असा, की कागदातला मजकूर वाचून भारावण्यापूर्वी तो कागद कोठून आला, कोणाच्या हातातून आला, हे विचारा. आधी बहिरंगपरीक्षा, मग अंतरंगपरीक्षा. ठकाची सारी धडपड हा क्रम उलटविण्याची असते. तो आपल्याला मजकुरात गुंतवितो, घाई करतो, फोन ठेवू देत नाही, घरच्यांशी बोलू देत नाही. कारण दुसऱ्या वाटेने एक विचारणा झाली की त्याचा डोलारा कोसळतो.

म्हणून व्यवहाराचे नियम थोडेच आहेत, आणि ते हुंडीच्या पेढीवरच्या मुनिमालाही पटले असते. बँकेच्या नावाने फोन आला तर तो बंद करावा आणि पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या क्रमांकावर आपण फोन करावा. संदेशातल्या दुव्यावर न जाता पत्ता स्वतः टंकावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या आदेशानुसार बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर गेली आहेत, ही बहिरंगपरीक्षेची एक सोपी खूण आहे. ओटीपी ही आपली खासगी मोर्तब आहे. ती दुसऱ्याच्या कागदावर उठवावयाची नसते. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ म्हणणारा खोटाच असतो. कोणाच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा त्याला दाखविणारे अ‍ॅप उतरवून घेऊ नये. आणि भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करीत नाही आणि जामिनासाठी खात्यात पैसे मागत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. थोड्या कमिशनसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला ‘वापरायला’ देणे हा निरुपद्रवी सौदा नाही. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून वाहतो. कॉसमॉसच्या खटल्यात पाहिले तसे कायद्याच्या हाती प्रथम लागतो तो हाच शेवटचा दुवा, आणि त्याचे वय पुष्कळदा महाविद्यालयीन असते.

फसवणूक झालीच तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, म्हणजे पुढच्या खात्यांत जाण्याआधी पैसा गोठविता येण्याची शक्यता राहते. बँकेलाही लेखी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवून दिले, की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर भार येत नाही. गुप्त क्रमांक स्वतःच सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. दोन्ही परिस्थितींत लवकर कळविण्यातच हित आहे.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. सगळ्यांवर असा संशय धरला तर समाज चालणार कसा? हुंडीचा इतिहास याचे उत्तर देतो. सावकारांनी पडताळणी केली म्हणून त्यांच्यातला विश्वास आटला नाही. पडताळणीची रीत सर्वमान्य होती म्हणूनच शेकडो कोसांवरच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करता आला. ताडून पाहणाऱ्याचा राग खऱ्या सावकाराला येत नसे. आज आपल्या घरातल्या वृद्धांनी बँकेच्या ‘साहेबां’चा फोन मधेच तोडला, तर त्यांना तो उद्धटपणा वाटतो. सभ्यतेचे संस्कार आड येतात. तो उद्धटपणा नाही, ती पेढीची जुनी शिस्त आहे, एवढे त्यांना घरच्या माणसांनी वेळेवर सांगितले, तरी बरेच काही वाचेल.