डिजिटल कॅमेरा आणि अवरक्त छायाचित्रण : एका गाळणीचा इतिहास

विल्यम हर्शेल यांनी अवरक्त किरणांचा शोध इ.स. १८०० मध्ये लावला. या किरणांच्या साहाय्याने टिपलेली निसर्गदृश्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत झाडांची पाने बर्फासारखी पांढरी व आकाश काळेभोर दिसते. हा उष्णतेचा परिणाम होय, असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. हरितद्रव्य हे किरण फारसे शोषत नाही आणि पानाच्या अंतर्रचनेमुळे ते परावर्तित होतात. पुढे अनेक दशके अशा छायाचित्रणासाठी खास फिल्म वापरावी लागे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही स्थिती उलटी केली. त्यातील सिलिकॉनचा संवेदक सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे किरण मुळातच टिपतो. त्यामुळे रंग बिघडू नयेत म्हणून उत्पादक संवेदकापुढे अवरक्त किरण अडविणारी गाळणी बसवितात. कॅमेऱ्याचे ‘रूपांतर’ म्हणजे वस्तुतः ही गाळणी काढून तिच्या जागी केवळ अवरक्त किरण आत सोडणारी, बहुधा ७२० नॅनोमीटरची, गाळणी बसविणे होय. मूळ क्षमता कॅमेऱ्यात असतेच. प्रश्न ती कोणासाठी खुली ठेवावी, हा आहे.

या प्रश्नाची सामाजिक बाजू १९९८ मध्ये उघड झाली. अंधारात चित्रण करणाऱ्या सोनीच्या काही व्हिडिओ कॅमेऱ्यांतून दिवसा विशिष्ट कापडांच्या आरपार दिसते, असे आढळले. कंपनीला उजेडातील त्या सुविधेवर मर्यादा घालावी लागली. २००६ मधील लायका एम ८ ची अडचण निराळी होती. त्यातील गाळणी अपुरी असल्याने काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले आणि कंपनीने ग्राहकांना भिंगावर लावण्याच्या गाळण्या विनामूल्य दिल्या. त्याच वर्षी फुजीफिल्मने मात्र गुन्हेतपास, वैद्यक व विज्ञान या क्षेत्रांसाठी अवरक्त व अतिनील किरण टिपणारा एस ३ प्रो यूव्हीआयआर हा कॅमेरा जाहीर केला. एकाच काळात एका उत्पादकास जो दोष निस्तरावा लागला, तोच गुण म्हणून दुसऱ्याने विक्रीस आणला, हे लक्षणीय आहे.

२००७ मध्ये कोडॅकने आपली एचआयई ही कृष्णधवल अवरक्त फिल्म बंद केली. त्यानंतर हौशी छायाचित्रकारांना रूपांतरित डिजिटल कॅमेरा हाच अधिक सोयीचा मार्ग उरला. गाळणी काढलेल्या कॅमेऱ्याची उत्पादकाची हमी सामान्यतः संपुष्टात येते. हा खर्च व धोका ते स्वतःच पत्करतात.