कीटकांचे निकट छायाचित्रण
कीटकाची प्रतिमा डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटवण्याचे तंत्र. रूढ नाव मॅक्रो फोटोग्राफी. शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेचा काठ आणि ऊसमळे त्यासाठी उत्तम. पहाटे गारठलेला चतुर पात्यावर निश्चल बसतो, पंखांवर दवाचे थेंब असतात. खरी वेळ हीच, ऊन चढल्यावर तो हाती लागत नाही. एफ/११ छिद्रालाही स्पष्टतेची खोली जेमतेम एक-दीड मिलिमीटर मिळते. म्हणून फोकस डोळ्यांवर धरावा, कॅमेरा अंगाला समांतर ठेवावा. फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद लावल्यास उजेड मऊ पडतो. उसावरचा लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूस असतो. पान तोडू नये, हलकेच उलटावे, कारण माव्याचे पांढरे मेणतंतू बोट लागताच झडतात.