गाडीत गाणं कोणाचं?

अण्णांनी एकोणतीस वर्षं औरंगाबाद ते वेरूळ टॅक्सी चालवली. गेल्या वर्षी आम्ही घरची म्हणून एक सेकंडहँड गाडी घेतली. अण्णा पुढच्या सीटवर बसले, खिशातून एक कॅसेट काढली आणि डॅशबोर्डवर हात फिरवत विचारलं, "ही कुठं घालायची?"

कॅसेट 1991 सालची. वेरूळच्या घरी आजी जात्यावर बसली होती आणि अण्णांनी टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आजी 1996 साली गेली. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू आमच्याकडे नाही. अण्णांना तो आवाज गाडीत, त्यांच्या रोजच्या रस्त्यावर ऐकायचा होता. मी म्हटलं, "बघतो." मोबाइलवर सर्च केलं की दहा मिनिटांत काम होईल, असं मला वाटलं होतं.

हा रस्ता जेमतेम तीस किलोमीटरचा आहे, पण गाणं कोणी ऐकायचं आणि कुठे, हा प्रश्न त्यावर फार जुना आहे. वाटेत दौलताबाद लागतं, म्हणजे यादवांची देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण राजाच्या काळात शार्ङ्गदेवानं इथंच 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं आणि त्याची नोकरी राजाच्या हिशेबखात्यात. पुढे खुलताबाद. इथं बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचा दर्गा आहे. गाणं ऐकणं, म्हणजे समा, हा त्यांच्या साधनेचाच भाग होता. त्याच गावात औरंगजेबाची कबर आहे. त्यानं संगीत गाडून टाकलं अशी गोष्ट आपण ऐकतो. पण त्याच्याच राज्यात, 1666 साली, फकीरुल्लानं 'रागदर्पण' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. बादशहानं दरबारातलं गाणं सोडलं, म्हणून लोकांचं गाणं थांबलं नाही. मात्र या सगळ्या काळात एक अट कायम होती. गाणं जिथं चालू असेल तिथं ऐकणाऱ्यानं जायचं.

ही अट यंत्रानं मोडली. 1930 साली अमेरिकेत मोटोरोला नावाचा कार-रेडिओ आला. पण रेडिओवर काय लागेल हे स्टेशन ठरवणार. 1956 साली क्रायस्लर कंपनीनं चक्क गाडीत रेकॉर्डप्लेअर बसवला. त्याच्यासाठी खास सावकाश फिरणाऱ्या तबकड्या लागत. त्या मोजक्याच निघाल्या आणि ते प्रकरण लवकरच गुंडाळलं गेलं. 1963 साली फिलिप्सनं कॅसेट आणली. चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. गाडीच्या हादऱ्यांना ती तबकडीसारखी दबत नव्हती. आणि तिच्यात कोणालाही आपला आवाज भरता येत होता. मोठमोठ्या कंपन्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नसतं, अशा आमच्या आजीचा आवाज त्यामुळेच राहिला.

ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेटी स्वस्त झाल्या. एचएमव्हीची जवळजवळ एकहाती सत्ता संपली, टी-सीरिजसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि छोट्या गावातल्या गायकांच्याही कॅसेटी निघू लागल्या. अण्णांच्या टॅक्सीत प्रल्हाद शिंदे वाजत. त्यांची विठ्ठलाची गाणी होती, तशीच भीमगीतंही होती. घृष्णेश्वराला निघालेली मंडळी बसली तर अण्णा एक कॅसेट लावत, लेणी बघायला निघालेली बौद्ध मंडळी बसली तर दुसरी. आवाज तोच. गाणं ड्रायव्हर निवडायचा, पण मागच्या सीटकडे बघून.

1979 साली सोनीचा वॉकमन आला आणि मागच्या सीटकडे बघण्याची गरज संपली. ज्याचं गाणं त्याच्या कानात. आज आमच्या गाडीत चार माणसं बसली तर तीन जणांच्या कानात इअरफोन असतात. मीही त्यातलाच.

आता निवड. पहिला पर्याय होता जुना वॉकमन घेऊन एफएम ट्रान्समीटरनं गाडीच्या रेडिओवर ऐकणं. पण जुन्या वॉकमनचे रबरी पट्टे सैल झालेले असतात, आवाज डुलतो, आणि टेप अडकली तर आजीच तुटणार. दुसरा पर्याय मोबाइल आणि ब्लूटूथ. पण ओवी चालू असताना फोन येतो, आणि खुलताबादच्या घाटात सत्तरीचा माणूस स्क्रीनवर फाइल शोधतोय हे मला नको होतं. महागडे 'हाय-रेस' प्लेअरही पाहिले. पण धावत्या गाडीत इंजिनाची आणि टायरांची घरघर बारकावे खाऊन टाकते, आणि आमचं मूळ रेकॉर्डिंगच साध्या टेपवरचं. शेवटी घेतला बटणांचा छोटा प्लेअर. मेमरी कार्ड घालायचं, ऑक्सची वायर गाडीला जोडायची. बटण बोटांना न बघता सापडतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

त्याआधी कॅसेट उतरवून घ्यायची होती. शहरात जुने टेप दुरुस्त करणारे एक काका सापडले. टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी गादी गळून पडली होती, ती त्यांनी नवी बसवली. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू कानानं ऐकत ऐकत फिरवला. गोधडीखालून आल्यासारखा आवाज हळूहळू मोकळा झाला. एकतीस मिनिटं. मध्येच तरुण अण्णा म्हणतात, "आई, जरा मोठ्यानं म्हण की."

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही आज इंटरनेटवर ऐकता येतात. आमची आजी त्यात नाही. ती या एकाच फितीत होती.

पहिल्यांदा लावलं तेव्हा गाडीत आत्याही होती. घाट उतरताना आजीनं ओवीची पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आत्यानं मागून उचलली. लहानपणी ती जात्याचा दुसरा हात धरायची. मी इअरफोन काढले. ओवीत एका मामाचं नाव आलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. विचारलं, तर वेरूळ येईपर्यंत आत्या त्याच्याबद्दलच सांगत होती.

तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल. प्लेअर नंतर निवडा. आधी ती उघडून गादी जागेवर आहे का बघा, जुन्या मशीनमध्ये घालून सहज वाजवून पाहू नका, आणि उतरवलेल्या फाइलच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. आमची एक आत्याकडे आहे.