सुरक्षेचे दोन अर्थ

‘सुरक्षा’ हा शब्द आपण दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो. फाटकावर बंदूक घेऊन उभा असतो तो सुरक्षेचा माणूस. आतला माल नीट ठेवलाय का, हे रोज फिरून पाहतो तोही सुरक्षेचाच. पहिला आपल्याला दिसतो. दुसऱ्याची आठवण अपघातानंतर येते.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला पहारा कडक. पण ३१ मे २०१६ च्या रात्री संकट कुंपण ओलांडून आले नाही, ते आतच होते. रणगाडाविरोधी सुरुंग सदोष होते, त्यांतून स्फोटक पाझरत होते, असे पुढे लष्कराने सांगितले. १९ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक आग विझवायला धावलेले अग्निशमन जवान होते.

२० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत कंत्राटी मजूर होते.

१९७६ च्या कायदादुरुस्तीने हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी आवश्यक ठरवला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही संख्या ५००, धोकादायक उद्योगांत २५० आहे. सुधारणा चांगलीच. पण रोजीसाठी पेटी उचलणारा मजूर ‘नको’ म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने ‘आज काम बंद’ म्हणण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला हवा, आणि तो शब्द वरच्यांनी पाळायला हवा.