व्हिम : क्रमांकित दुरुस्त्यांतून घडलेला एडिटर

संगणकावर निव्वळ मजकूर लिहिण्यासाठी आणि बदलण्यासाठी जे साधन वापरतात, त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. अक्षरांचा आकार, रंग, समास अशी सजावट करणाऱ्या वर्ड प्रोसेसरहून तो वेगळा. त्यात अक्षरांखेरीज दुसरे काही साठवले जात नाही, म्हणूनच प्रोग्रॅम लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांचा दिवसाचा बराचसा वेळ एडिटरच्या सहवासात जातो. ‘व्हिम’ हा या वर्गातील जगभर प्रचलित असलेला मुक्तस्रोत एडिटर होय. त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, त्यातील दोष दाखवता येतो आणि दुरुस्ती सुचवता येते. तथापि आलेली दुरुस्ती स्वीकारायची की नाही, हा निर्णय तीस वर्षांहून अधिक काळ मुख्यतः एकाच व्यक्तीच्या हाती होता. त्यामुळे व्हिमचा इतिहास म्हणजे मुक्तस्रोत पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातील जोखीम या दोहोंचे उदाहरण ठरते.

उगम

१९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी युनिक्ससाठी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. त्यात मजकूर टंकित करण्याची अवस्था आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगवेगळ्या असतात. आज्ञेच्या अवस्थेत कळफलकावरील अक्षरेच आज्ञांचे काम करतात. नेदरलँड्सचे प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांना हा एडिटर आपल्या अमिगा संगणकावर हवा होता. त्यासाठी ‘स्टीव्ही’ नावाच्या नकलेचा आधार घेऊन त्यांनी १९८८ मध्ये काम सुरू केले आणि १९९१ मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती प्रसिद्ध केली. आरंभी व्हिम या नावाचा अर्थ ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. पुढे वैशिष्ट्ये इतकी वाढली की १९९३ मध्ये तो ‘सुधारित व्हीआय’ असा करण्यात आला.

व्हिम विनामूल्य आहे. वापरणाऱ्याला तो उपयुक्त वाटल्यास त्याने युगांडातील किबाले येथील मुलांसाठी देणगी द्यावी, असे आवाहन मोलेनार करीत. १९९४ मध्ये त्यांनी तेथे स्वयंसेवक म्हणून काम केले होते.

दोष ते दुरुस्ती

व्हिममधील प्रत्येक लहान बदलाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. ८.१.१३६५ याचा अर्थ ८.१ या आवृत्तीवरील १३६५ वी दुरुस्ती. तिच्यासोबतच्या टिपणात दोन बाबी असतात : अडचण काय होती आणि उपाय काय केला. दोष कळवणाऱ्याचे वा दुरुस्ती पाठवणाऱ्याचे नावही बहुधा तेथेच नोंदलेले असते. आपल्या एडिटरमध्ये कोणत्या दुरुस्त्या समाविष्ट आहेत, हे ‘व्हर्जन’ ही आज्ञा देताच कळते.

दोष कळवताना पहिली अट अशी की, तो स्वतःच्या खास मांडणीविना चालवलेल्या व्हिममध्येही दिसला पाहिजे. अनेकदा खोट एडिटरमध्ये नसून वापरणाऱ्याने जोडलेल्या पूरक प्रोग्रॅममध्ये असते. दोष खरा असल्याचे ठरल्यावर तो कोणत्या बदलामुळे उद्भवला याचा शोध सुरू होतो आणि येथे क्रमांकांचा खरा उपयोग होतो. एखादी गोष्ट पूर्वी नीट चालत होती आणि हजार दुरुस्त्यांनंतर बिघडलेली आढळली, तर मधली दुरुस्ती तपासायची. तेथेही बिघाड दिसल्यास कारण आधीच्या निम्म्या भागात, न दिसल्यास नंतरच्या. याप्रमाणे दर वेळी निम्मा भाग वगळत गेल्यास हजारांतील दोषी दुरुस्ती सुमारे दहा चाचण्यांत सापडते. दोष दूर केल्यावर शक्य तेथे त्यासाठी एक स्वयंचलित चाचणीही जोडली जाते, जेणेकरून तो पुढे पुन्हा शिरू नये.

१३६५ व्या दुरुस्तीची कथा

क्रमांकांमागे काय दडलेले असते, याचे उदाहरण म्हणजे वर उल्लेखिलेली ८.१.१३६५ ही दुरुस्ती. फाइलच्या पहिल्या वा शेवटच्या पाच ओळींत एडिटरसाठी सूचना लिहिण्याची सोय व्हिममध्ये आहे. उदाहरणार्थ, या फाइलमध्ये समास किती अक्षरांचा ठेवावा. अनोळखी फाइलमधील अशा सूचना धोकादायक ठरू नयेत म्हणून त्या एका बंदिस्त कक्षेत तपासल्या जातात. २०१९ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की, दुसऱ्या फाइलमधील आज्ञा वाचून त्या चालवणारी एक आज्ञा या कुंपणातून निसटत होती. परिणामी खास रचलेली फाइल केवळ उघडताच परक्याच्या आज्ञा संगणकावर चालू शकत. उपाय अगदी छोटा निघाला : ती आज्ञा चालवण्यापूर्वी आपण बंदिस्त कक्षेत आहोत काय, हे तपासणे. त्या विसरलेल्या तपासणीची झळ लागू शकेल असे सर्व्हर मात्र जगभर पसरलेले होते.

सुधारणा आणि सवयी

नवी वैशिष्ट्ये देताना निराळीच अडचण येते. व्हिम वापरणाऱ्याच्या आज्ञा कालांतराने बोटांत मुरतात. एका कळीचा अर्थ बदलला तरी हजारोंचे हात अडखळतात. म्हणून जुने वर्तन जपून नवे जोडण्याचे धोरण राहिले. १९९८ च्या ५.० आवृत्तीत प्रोग्रॅममधील शब्द रंगांनी वेगळे दाखवण्याची सोय आली. २००१ च्या ६.० मध्ये मजकुराचे भाग घडी घालून ठेवता येऊ लागले. २००६ च्या ७.० मध्ये शुद्धलेखन तपासणी आली, तर २०१० च्या ७.३ मध्ये फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावरही आधीचे बदल मागे घेता येऊ लागले.

काही वेळा संयमाची किंमतही मोजावी लागली. पार्श्वभूमीवर दुसरे काम चालू असताना एडिटर अडून राहू नये, यासाठी थियागो दे अरुडा यांनी सुचवलेला मोठा बदल व्हिममध्ये स्वीकारला गेला नाही. तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी व्हिमच्याच कोडवरून ‘निओव्हिम’ हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. पुढे २०१६ च्या ८.० आवृत्तीत व्हिममध्येही तशी सोय आली. व्हिममध्ये शेल चालवता येणार नाही, असे त्याच्या माहितीपुस्तिकेत पूर्वी स्पष्ट लिहिलेले होते. २०१८ च्या ८.१ आवृत्तीत टर्मिनलची खिडकी आली आणि ती भूमिकाही मागे पडली.

एक मर्यादा मराठी वापरणाऱ्यांना विशेष जाणवते. टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर पडद्याचे समान रुंदीच्या चौकटींत विभाजन करतो. रोमन अक्षरे तीत सहज बसतात. देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या मात्र या मापात बसत नाहीत, त्यामुळे मजकूर योग्य साठवला गेला तरी पडद्यावर विस्कटलेला दिसू शकतो. हा दोष एकट्या एडिटरचा नसल्याने त्याची दुरुस्तीही एका ठिकाणी करता येत नाही.

एका हाताकडून अनेकांकडे

८.२ ही आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली. जून २०२२ मध्ये ९.० येईपर्यंत तिच्यावर ५ हजारांहून अधिक दुरुस्त्या झाल्या, म्हणजे सरासरी दररोज पाचांहून अधिक. त्यांतील अनेक इतरांनी पाठवलेल्या होत्या, पण बहुतेक सर्व मोलेनार यांच्या नजरेखालून गेल्या. ३ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि ज्याच्या संमतीवाचून बदल होत नसे, तो माणूसच राहिला नाही.

कोड सर्वांसाठी खुला असला, तरी त्याची जबाबदारी घेणारा कोणी हवाच असतो. व्हिमच्या बाबतीत ती जबाबदारी दीर्घकाळ हातभार लावणारे क्रिश्चियन ब्राबांट यांनी इतर सहकाऱ्यांसह उचलली. २ जानेवारी २०२४ रोजी ९.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ती मोलेनार यांना अर्पण करण्यात आली. दुरुस्त्यांचे क्रमांक पुढे चालू राहिले. कोणती अडचण होती आणि तिच्यावर कोणता उपाय केला, हे वर्षानुवर्षे ओळीने लिहून ठेवलेले असल्यामुळे नव्या हातांना काम कोठून पुढे न्यायचे, हे शोधत बसावे लागले नाही.