ब्रिज रेक्टिफायर, सिंगल-फेज : आभासी प्रयोगशाळेतील अभ्यास

चार डायोड सेतूच्या मांडणीत जोडले की एसी पुरवठ्याच्या दोन्ही अर्धचक्रांतून लोडला एकाच दिशेचा प्रवाह मिळतो. या मंडलाचा अभ्यास प्रत्यक्ष घटक न जोडता संगणकीय सदृशीकरणाच्या आधारे करणे हा या नोंदीचा विषय आहे. मंडलाचे पेटंट कारोल पोलाक यांनी १८९५-९६ च्या सुमारास घेतले. लिओ ग्रेट्झ यांनी १८९७ मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले आणि युरोपात त्यांचेच नाव रूढ झाले.

साधने : बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल व डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ मध्ये मांडलेली स्पाइस ही प्रणाली आजच्या बहुतेक साधनांचा पाया आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाची ‘ईसिम’ ही मुक्त प्रणाली स्पाइसपासूनच तयार झालेल्या एनजीस्पाइसवर चालते. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आताच्या सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा) सहभाग आहे.

अभ्यासाचे स्वरूप : बहुतेक प्रयोगपुस्तिका विद्यार्थ्याकडून विद्युतदाबाचे तरंगरूप काढून घेतात. २३० व्होल्ट पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्ट, शुद्ध रोधक लोडवरील सरासरी २०७ व्होल्ट, रिपल फॅक्टर ०.४८, कार्यक्षमता ८१.२ टक्के. हे आकडे कागदावर दोन ओळींत मिळतात आणि त्यासाठी सदृशीकरणाची गरज नाही. आभासी प्रयोगशाळेचा खरा विषय प्रवाह हा असला पाहिजे, कारण प्रवाहाचा आकार पुरवठ्याच्या अंतर्गत प्रतिबाधेवर ठरतो आणि ती प्रत्यक्ष प्रयोगशाळेत हवी तशी बदलता येत नाही. ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची दुय्यम कुंडली, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० मिलिअँपिअर लोड घ्यावा. रिपल एक व्होल्टच्या आत राहतो. पण १० मिलिसेकंदांच्या अर्धचक्रात डायोड जेमतेम एक मिलिसेकंद चालू राहतात आणि तेवढ्यात सरासरीने लोडच्या साधारण नऊपट प्रवाह वाहून नेतात. पुरवठ्याशी एक ओहम रोध जोडला की ही टोकदार स्पंदने बुटकी आणि रुंद होतात. मोठ्या इंडक्टरच्या लोडवर चित्र वेगळे दिसते. आदर्श पुरवठ्यातून येणारा प्रवाह चौकोनी होतो, त्याची हार्मोनिक विकृती सुमारे ४८ टक्के आणि शक्तिगुणक ०.९ भरतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात एक मिलिहेन्री प्रवर्तन घालून लोडचा प्रवाह १० अँपिअर ठेवला, तर प्रत्येक अर्धचक्रात सुमारे ११ अंशांपर्यंत चारही डायोड एकाच वेळी वाहतात आणि सरासरी दाब दोन व्होल्टने उतरतो. चार डायोडांचे चार प्रवाह एकाखाली एक मांडून हा संक्रमणकाल पाहणे ही सदृशीकरणाने दिलेली मोठीच सोय आहे.

आक्षेप : पडद्यावरचा प्रवाह प्रतिरूपाइतकाच खरा असतो, त्यामुळे असा अभ्यास म्हणजे गृहीतकांचीच उजळणी, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. स्पाइसच्या मूळ डायोडमध्ये मालिका रोध शून्य आणि उलट दिशेचा भंजनदाब अनंत धरलेला असतो. त्यामुळे असा डायोड कितीही उलट दाब सोसतो आणि कधीच जळत नाही, तर बाजारातील १एन४००७ ची मर्यादा १००० व्होल्ट व एक अँपिअर आहे. विद्यार्थ्याने ही मूल्ये स्वतः भरली नाहीत, तर शिखर उलट दाबाचा धडा अपुराच राहतो. मात्र याच कारणाने प्रयोग निरर्थक ठरत नाही. कोणते गृहीतक बदलले की कोणता आकडा किती हलतो, हे तपासणे हाच त्याचा गाभा आहे. त्यासाठी पायरीकाल चक्राच्या मानाने पुरेसा लहान असावा लागतो आणि सुरुवातीची अस्थिर चक्रे सोडून सरासरी पूर्ण चक्रांवरच काढावी लागते. या दोन्ही अटी अनेक अहवालांत नोंदवलेल्याच नसतात, ही गंभीर त्रुटी होय.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. नेहमीच्या दोन-चॅनेल ऑसिलोस्कोपमध्ये दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा आतून जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यमचे एक टोक एका क्लिपेला आणि सेतूचे ऋण टोक दुसरीला लावले, की खालचा एक डायोड लघुपरिपथित होतो आणि पुढच्या अर्धचक्रात दुसऱ्या डायोडमधून दुय्यमच लघुपरिपथित होते. सदृशीकरणात मात्र कोणत्याही दोन बिंदूंमधील दाब विनासायास दिसतो, त्यामुळे ही चूक तिथे घडतही नाही आणि समजतही नाही. डिफरन्शियल प्रोब किंवा दोन चॅनेलांची वजाबाकी कशासाठी लागते, हे टेबलावरच शिकावे लागते. म्हणून सदृशीकरण आधी आणि जोडणी नंतर हा क्रम योग्य ठरतो. केवळ सदृशीकरणावर प्रयोग पूर्ण धरणे समर्थनीय नाही.

नियंत्रित सेतू : डायोडांच्या जागी थायरिस्टर घातल्यास फायरिंग अँगल हे आणखी एक चल मिळते. बाकी मांडणी हीच.