नाकांतील मोडाची कुळकथा

श्रोतेहो, पडसें हा कांहीं इतिहासाचा विषय नव्हे, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. परंतु जें पडसें महिनोन्‌महिने हटत नाहीं, ज्याच्यापायीं फुलांचा वास कळेनासा होतो, बोलणें गेंगाणें होतें आणि अखेर नाकांत सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ, फिकट, पाणीदार मोड लोंबूं लागतात, त्याला मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासांत एकच प्रश्न पुनःपुन्हां पुढें येतो : काढलेला मोड परत कां वाढतो?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत. त्यांतील नासार्श म्हणजेच हा मोड. सतत पडसें, अतिशय शिंका, श्वासाचा अवरोध, दुर्गंधी, नाकांतलें बोलणें आणि मस्तकशूळ, हीं त्याचीं लक्षणें ग्रंथकर्त्यानें इतक्या अचूकपणें नोंदविलीं आहेत कीं, आजच्या वैद्यास त्यांत फारशी भर घालावी लागणार नाहीं. ग्रीकांनीं या मोडाला ‘अनेक पायांचा’ अशा अर्थाचें नांव दिलें. पॉलिप हा शब्द त्यांतूनच आला. हिपॉक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांतील उपाय ऐकूनच अंगावर कांटा येतो. स्पंजाच्या तुकड्यास दोरे बांधावयाचे, ते नाकांतून घशांत उतरवून तोंडावाटें बाहेर काढावयाचे, आणि स्पंज ओढून घेतांना त्याबरोबर मोडही उपटावयाचा! रोगी बिचारा काय म्हणत असेल, तें ग्रंथांत नाहीं.

पुढें शस्त्रें सुधारलीं, पण प्रश्न तसाच राहिला. १८५५ सालीं बिलरोथ या शल्यवैद्यानें अशा मोडांच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८७९ सालीं पॉल एर्लिश यानें इओसिन नांवाचा तांबडा रंग शोषून घेणाऱ्या रक्तपेशी ओळखल्या. याच पेशी अनेक रोग्यांच्या मोडांत दाटीनें वसलेल्या असतात, हें मागाहून कळलें. पण पेशी तेथें जमतात कां, व जमल्यावर त्वचा फुगते कशी, याचें उत्तर नाकाच्या वैद्यांकडून आलें नाहीं. तें आलें एका अगदीं निराळ्या घरांतून.

तें घर इटलींतील ट्यूरिन शहरांतलें. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनीं ज्यू असलेल्या रीता लेव्ही-मॉंताल्चिनी या तरुण डॉक्टरणीस संशोधनाचीं दारें बंद केलीं. तेव्हां तिनें आपल्या शयनगृहांतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रें केलीं आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाच्या मज्जातंतूंची वाढ पाहण्यास आरंभ केला. बॉंब पडूं लागले, तेव्हां तीच सामग्री खेड्यांतल्या घरीं नेली. १९४७ सालीं ती अमेरिकेंत सेंट लुइस येथें गेली. उंदराच्या एका अर्बुदांतून असें कांहीं द्रव्य झिरपतें कीं, त्याच्या सान्निध्यांत मज्जातंतू सूर्यकिरणांप्रमाणें चोहोंकडे फुटतात, हें तिनें दाखविलें. पुढें स्टॅन्ली कोहेन या रसायनवेत्त्याची साथ मिळाली. त्याच्या हातीं दुसरेंच द्रव्य लागलें; तें टोंचल्यास उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेपूर्वींच उघडत. या द्रव्यांना आपण वृद्धिघटक म्हणूं. पेशीला ‘वाढ’ अशी आज्ञा देणारे हे दूत होत. १९८६ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पुन्हां नाकाकडे वळूं. १९८३ सालीं बोस्टन येथें सेंगर व ड्वोरॅक यांना रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपविणारें एक द्रव्य सांपडलें. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत फेरारा यानें नव्या रक्तवाहिन्या फुटविणारें द्रव्य वेगळें काढलें. दोन्ही एकच निघालीं! निरोगी नाकाच्या अंतस्त्वचेपेक्षां मोडांत तें अधिक आढळतें, आणि मोड पाणीदार कां असतो याचा एक धागा येथें हातीं लागतो.

१९९२ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, मोडांतल्या इओसिनप्रिय पेशी स्वतःच एक वृद्धिघटक निर्माण करतात. त्याचें काम तंतुमय ऊति विणण्याचें. मात्र पुढें बेल्जममधील गेंट येथें आढळलें कीं, मोड न येतां नुसतीच जुनाट सूज असलेल्या रोग्यांत तो घटक भरपूर असतो, तर मोडवाल्यांत तुलनेनें कमी. मला ही विसंगति वाटत नाहीं. जेथें तंतू दाट विणले जातात तेथें त्वचा घट्ट होते. जेथें वीण विरळ, तेथें पाणी साठून ती लोंबते. इंटरल्यूकिन-५ नांवाचें द्रव्य तर त्या इओसिनप्रिय पेशींना वाढवितें, आणि जगवितेंही. म्हणजे सुरीनें फळ तोडलें, तरी खतपाणी चालूच!

खतपाण्यावरच घाव घालणारीं औषधें आतां निघालीं आहेत. २०१९ सालीं अमेरिकेंत ड्युपिलुमॅब या टोंचण्याच्या औषधास या रोगासाठीं मान्यता मिळाली. इंटरल्यूकिन-४ व १३ यांचे निरोप तें पेशींपर्यंत पोंचूं देत नाहीं. इंटरल्यूकिन-५ ला अडविणारें मेपोलिझुमॅब २०२१ सालीं आलें. पहिल्याच्या चांचणींत अनेकांना कांहीं आठवड्यांतच वास येऊं लागला. परंतु २४ आठवड्यांनंतर ज्यांचें औषध थांबविलें, त्यांची प्रकृति पुन्हां ढासळूं लागली.